लिंबाचा रस, अंजिराचा चीक आणि ऊन : दोन दिवसांनी हातावर येणारे फोड



हस्त बहाराची लिंबं सध्या तोडणीला आली आहेत. लिंबाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव उन्हाळ्यात मिळतो आणि वर्षातलं सगळ्यात कडक ऊनही याच दिवसांत असतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बागेत काम करणाऱ्यांच्या हातांवर एक त्रास दिसतो. आजचा पाठ त्याच्यावर आहे. मेसेज थोडा लांब आहे, दुपारच्या सुट्टीत सावलीत बसून वाचा. आणि तोडणीला येणाऱ्या बायांना वाचून दाखवा, कारण हा त्रास मालकापेक्षा त्यांनाच जास्त होतो.

त्रास असा असतो. मनगटावर, हाताच्या मागच्या बाजूला, कोपरापर्यंत, कधी पायाच्या नडगीवर लाल पट्टे उठतात. गरम तव्याचा चटका बसल्यासारखी आग होते. मग त्यावर पाण्याने भरलेले फोड येतात. आठ-दहा दिवसांत फोड बसतात, पण त्या जागी काळपट डाग राहतो आणि तो काही आठवडे, कधी कधी काही महिने जात नाही. खाज कमी, आग जास्त. आणि डागाचा आकार बघण्यासारखा असतो. कुठे ओघळ आल्यासारखी रेघ, कुठे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके, कुठे चक्क बोटांचा ठसा.

हे बघून कोणी म्हणतं नागीण आहे, कोणी म्हणतं औषध बाधलं, कोणी म्हणतं उष्णता झाली. खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. झाडाचा रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं. डॉक्टरी भाषेत याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. "रस अधिक ऊन" एवढं लक्षात ठेवा.

*रसाने काय होतं, उन्हाने काय होतं*

काही झाडांच्या रसात, चिकात आणि सालीच्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यातलं सोरालेन हे ओळखीचं नाव. झाड ही द्रव्यं स्वतःच्या बचावासाठी बनवतं, बुरशी आणि किडींविरुद्ध. रस लागल्यावर हे द्रव्य कातडीत मुरतं. नुसतं मुरून काही होत नाही. पण वरून उन्हातले अतिनील किरण पडले की ते द्रव्य जागं होतं आणि पेशीच्या आतल्या डीएनएला घट्ट चिकटतं. पेशी मरतात आणि फोड येतात.

रॉकेल सांडलं म्हणून आग लागत नाही, त्याला काडी लागते. इथे रस म्हणजे रॉकेल आणि ऊन म्हणजे काडी. संध्याकाळी लिंबं चिरली, हात न धुता झोपलात, सकाळी अंघोळ करून बाहेर पडलात, तर सहसा काही होत नाही. तेच दुपारी १२ ला बांधावर बसून चिरली तर परवा फोड.

ही ॲलर्जी नाही. ॲलर्जी ठरावीक माणसांनाच होते. इथे रस पुरेसा लागला आणि ऊन पुरेसं पडलं तर कोणालाही होऊ शकतं, पहिल्याच वेळी होऊ शकतं. "मी वीस वर्षं लिंबं तोडतोय, मला कधी झालं नाही" असं म्हणणाऱ्यालाही होतं. त्या दिवशी रस जास्त लागलेला असतो किंवा अंग घामाने ओलं असतं. ओल्या, घामेजलेल्या कातडीत हे द्रव्य जास्त मुरतं.

आणखी एक गोष्ट. ज्या अतिनील किरणांमुळे हे होतं ते पातळ ढगातून येतात आणि काचेतूनही बऱ्यापैकी येतात. म्हणून आभाळ आलंय, टेम्पोच्या केबिनमध्ये बसलोय, म्हणून सुटलो असं नाही.

*कारण सापडत नाही, कारण आपण चुकीचा दिवस आठवतो*

या पाठातली मुख्य गोष्ट हीच समजा. रस लागला तेव्हा काही कळत नाही. ऊन लागलं तेव्हाही फारसं कळत नाही. आग आणि लाली सुरू होते साधारण २४ तासांनी आणि त्रास सगळ्यात जास्त वाढतो ४८ ते ७२ तासांनी. म्हणजे फोड बुधवारी दिसले तर आपण मंगळवारचं आणि बुधवारचं काम आठवत बसतो. कारण मात्र सोमवारी दुपारी घडून गेलेलं असतं.

यातून भांडणं होतात. आपल्या भागातल्या एका बागेत यावरून टोळी आणि मालक यांची चांगलीच जुंपली होती. पाच बायांपैकी दोघींच्या दोन्ही हातांवर फोड आले. आदल्याच दिवशी बागेच्या एका कोपऱ्यात फवारणी झाली होती, त्यामुळे बाया म्हणाल्या औषधाने झालं. मालक म्हणाला, मी फक्त सूक्ष्म अन्नद्रव्यं मारली आणि तीही पलीकडच्या ओळींना. मुकादमाने सांगून टाकलं की उद्यापासून टोळी येणार नाही. ऐन भावात माल झाडावर. तिथे विचारायचा प्रश्न एकच होता : परवा काय काम केलं? तर परवा दबलेली, तडकलेली लिंबं वेगळी काढून त्यांचा रस लोणचंवाल्याला कॅनमध्ये भरून दिला होता. रस पिळायचं काम शेडच्या बाहेर उन्हात बसून याच दोघींनी केलं होतं. बाकीच्या तिघी गोण्या भरत होत्या, त्यांच्या हातावर एक ठिपका नव्हता. वाद तिथेच मिटला. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला आणि दोघींना काही दिवस शेडमध्ये सावलीतलं प्रतवारीचं काम दिलं. माझ्या मते हे मालकाचं कामच आहे, उपकार नाहीत.

पण या उदाहरणाचा उलटा अर्थ काढू नका. फवारणीनंतर कोणाला मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, धाप असं काही झालं, तर "ते लिंबाचं असेल" म्हणत बसू नका. ती विषबाधा असू शकते. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. काही तणनाशकं आणि कीटकनाशकं कातडी थेट जाळतातही, त्यात मात्र आग बहुतेक त्याच दिवशी सुरू होते.

*कोणत्या झाडांपासून जपायचं*

लिंबू पहिलं. इथे बहुतेकांचा गैरसमज आहे की आंबट रसामुळे हे होतं. आंबटपणाचा संबंध नाही. हे द्रव्य आतल्या रसात असतं, पण सालीत त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. साल दाबली की जो बारीक तेलाचा फवारा उडतो, वास येतो, ते तेल धोक्याचं. त्यामुळे अख्खं, कोरडं लिंबू आकडीने पाडून गोळा करणाऱ्याला त्रास कमी. दबलेला, फुटलेला माल निवडणाऱ्याला जास्त. आणि पिळणाऱ्याला, चिरणाऱ्याला सगळ्यात जास्त. ओली पानं हाताने चुरगळली तरी द्रव्य हाताला लागतं, छाटणीच्या वेळी हे ध्यानात ठेवा.

दुसरं अंजीर. पुरंदर तालुक्यातल्या सभासदांना हे नव्याने सांगायला नको. अंजिराच्या पानांत आणि कोवळ्या फांद्यांत जो पांढरा चीक असतो, त्यात सोरालेन आणि त्याच्या जातीचं बर्गाप्टेन ही दोन्ही द्रव्यं असतात. पिकलेल्या फळाच्या गरात नाही, ते बिनघोर खा. फांदी छाटताना, पानं काढताना, फळाचा देठ मोडताना जो चीक ओघळतो त्याच्यापासून सांभाळायचं. अंजिराच्या चिकात वेगळं एक पाचक द्रव्यही असतं, ते उन्हाशिवायसुद्धा बोटांची कातडी खातं. म्हणजे अंजिरात दुहेरी मार आहे. तोडणारे लोक पहाटे लवकर तोडणी उरकतात ते फळ टणक राहावं म्हणून, पण कातडीच्या दृष्टीनेही ते चांगलंच.

तिसरी सेलरी आणि पार्सली. पुणे, नाशिककडे हॉटेलसाठी परदेशी भाजी लावणाऱ्या सभासदांनी हे वाचावं. सेलरी कापणाऱ्या मजुरांच्या हातावर असे फोड येतात हे अमेरिकेत फार पूर्वी नोंदलं गेलं आहे. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की बुरशीने कुजलेल्या सेलरीत हे द्रव्य निरोगी सेलरीपेक्षा खूप जास्त असतं. झाड रोगाशी झगडताना ते जास्त बनवतं. म्हणून कुजका माल उपटून फेकायचं काम उघड्या हातांनी करू नका.

चौथी बावची. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रानात, बांधावर आपोआप उगवते. हल्ली बांध साफ करायला ब्रश कटर आलाय. खुरप्याने कापताना रस हातालाच लागतो, ब्रश कटर मात्र तणाचा रस कातडीवर फवारल्यासारखा उडवतो, तोही उघड्या पोटऱ्यांवर. फुल पँट आणि गमबूट घालूनच चालवा. घराजवळ लावलेलं सताप हेही याच यादीतलं. मुलांसाठी पानं चुरगळताना सावलीत चुरगळा आणि हात धुवा.

*जे यात बसत नाही*

चीक म्हटलं की सगळे चीक सारखे, असं नाही. बिब्ब्याचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याच्या देठाचा चीक, हे रात्री अंधारातही कातडी जाळतात. त्यांना ऊन लागत नाही.

गाजर गवताचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याने होते ती खरी ॲलर्जी. ती पहिल्या दिवशी होत नाही. महिने, वर्षं संपर्क आल्यावर एखाद्याला सुरू होते आणि मग दर हंगामात वाढत जाते. वाळलेल्या गवताचा नुसता उडालेला भुसा पुरतो. त्यात खाज प्रचंड असते आणि पापण्या, मान, कोपराच्या आतली घडी अशा जागा धरल्या जातात. उन्हात गेल्यावर तीही वाढते, म्हणून गोंधळ होतो. अशा माणसाला गाजर गवत काढायला लावूच नका आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा तांबडा-काळा लांबट बारीक किडा अंगावर चिरडला तरी अशीच रेघ उठते. पण ती उन्हात न जाताही उठते, बऱ्याचदा झोपेतून उठल्यावर दिसते. आणि नागीण असेल तर ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात येते, बऱ्याचदा फोड येण्याआधी एक-दोन दिवस तिथे दुखतं. नागिणीची शंका असेल तर मंत्र-लेप करत बसू नका. तिचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर चांगलं लागू पडतं.

*आता करायचं काय*

रस लागल्यापासून साधारण अर्धा ते दोन तास हा काळ सगळ्यात नाजूक. म्हणजे त्याआधी धुतलं तर निम्मं काम झालं. तोडणीच्या जागी पाण्याचा ड्रम आणि साबणाची वडी ठेवा. साबण हवाच, कारण हे द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, नुसत्या पाण्याने ते हातभर पसरतं. चहाच्या सुट्टीला एकदा, जेवायच्या आधी एकदा, आणि फुटक्या लिंबाचा रस ओघळला तर लगेच. बोटांच्या बेचक्या आणि मनगट विसरू नका. फोड बहुतेक तिथेच येतात.

बाया शेतात साडीवर जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, तो या कामाला उत्तम. पण बाही रसाने भिजली तर बदला. भिजलेली बाही म्हणजे दिवसभर कातडीला रसाची पट्टी बांधल्यासारखं आहे. सुती हातमोज्यांचंही तेच, ते रस पितात. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घ्या. मला माहीत आहे, मे महिन्यात रबरी मोज्यात हात उकडतात आणि बाया तासाभरात काढून ठेवतात. म्हणून दिवसभर घालायचा आग्रह नको. फुटका माल निवडणं, पिळणं, चिरणं, अंजीर छाटणं, एवढ्या कामापुरते घाला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कामाची जागा बदलणं. पिळायचं-चिरायचं काम शेडमध्ये किंवा झाडाच्या दाट सावलीत, आणि तेही सकाळी १० च्या आत किंवा दुपारी ४ नंतर. हात धुतल्याशिवाय सावलीतून बाहेर पडायचं नाही. याला पैसा लागत नाही.

लहान मुलं बागेत आणणाऱ्यांनी एक काळजी घ्या. आईचे हात रसाने ओले असताना तिने बाळाला काखेखाली धरून उचललं, तर दोन दिवसांनी बाळाच्या अंगावर तिच्या पंजाचा ठसा उठतो. बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी मारलंय. असे प्रकार जगभरच्या डॉक्टरांनी नोंदले आहेत.

*फोड आलेच तर*

साबणाने धुवा, थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दिवसातून तीन-चार वेळा ठेवा, आणि ती जागा उन्हापासून झाका. फोड फोडू नका, वरची कातडी हीच जखमेवरची पट्टी आहे. चुना, टूथपेस्ट, राख, झाडपाल्याचा लेप काही लावू नका. लेपातल्या पानात हेच द्रव्य असलं तर त्रास दुप्पट. फोड मोठे असतील, चेहऱ्यावर किंवा डोळ्याजवळ असतील, लहान मुलाला असतील, पू किंवा ताप असेल, तर डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "परवा लिंबाचा रस लागला होता आणि उन्हात होतो." तुम्ही सांगितलं नाही तर त्यांनाही सुचायचं नाही.

मागे राहिलेला डाग संसर्गाचा नाही, दुसऱ्याला लागत नाही. तो हळूहळू स्वतःच फिका होतो. त्यावर ऊन पडत राहिलं तर जास्त दिवस राहतो, म्हणून बाहीखाली ठेवा. मेडिकलमधून कोणीही सांगितलेली गोरेपणाची किंवा मिश्र मलमं आणून चोळू नका. त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि डागापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

घरातल्यांसाठी : कोपर, मान उजळावी म्हणून लिंबाची फोड चोळणं, कोंड्यासाठी डोक्याला लिंबू लावून अंगणात केस वाळवत बसणं, हे बंद करा. डाग घालवायला लावलेलं लिंबू उन्हात नवा डाग देतं.

बावचीच्या तेलाबद्दलही विचारणा होते. बावची कोडावर वापरतात हे खरं आहे. आपल्या आयुर्वेदात ती जुनी आहे. इजिप्तमध्ये याच जातीच्या द्रव्याचं दुसरं एक झाड कोडासाठी वापरत, १९४० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यातून द्रव्य वेगळं काढलं आणि आज दवाखान्यात सोरालेन आणि अतिनील प्रकाश यांचा उपचार केला जातो. पण तिथे औषधाचं माप असतं आणि प्रकाशाचंही माप असतं, सेकंद मोजून. घरी तेल चोळून अंदाजाने उन्हात बसलं तर कोडाच्या जागी भाजलेली जखम होते. डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

*गोठ्यासाठी थोडं*

जनावरांनाही ऊन असंच बाधतं, फक्त रस्ता वेगळा आहे. चारा कमी पडला की जनावरं घाणेरी (टणटणी) खातात. तिच्या विषाने यकृत बिघडतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात जो पदार्थ तयार होतो तो एरवी यकृत बाहेर टाकतं. यकृत बिघडल्यावर तो रक्तात साठतो आणि उन्हात कातडी जाळतो. खूण अशी की पांढऱ्या किंवा कमी केसांच्या जागाच भाजतात : नाकपुडी, कान, सड, पांढरे पट्टे. शेजारचा काळा पट्टा तसाच राहतो. जोडीला चारा सोडणं, शेण घट्ट होणं, डोळे पिवळे दिसणं. असं जनावर लगेच अंधाऱ्या, सावलीच्या गोठ्यात बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. पोटात राहिलेल्या पाल्यातून विष पुढे अनेक दिवस भिनत राहतं, म्हणून "उद्या बघू" चालत नाही. माळावर चरायला सोडण्याआधी बांधाची घाणेरी मुळासकट काढून घ्या, आणि ती काढताना फुल बाह्या घाला.